पहिल्या रात्री दारात कोण उभं असतं?

जळगावकडच्या एका बालगृहात नवी मुलं दाखल झाली. गावातल्या दानशूर मंडळींनी त्यांना फुलं दिली, पेढे भरवले, फोटो काढले आणि आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर टाकले. मग चार दिवस जुंपली. निराधार पोरांना जीव लावला तर नावं कसली ठेवता, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू थेट बालगृहंच बंद करायला निघाली: सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये आजीच्या, मामाच्या हातात द्या आणि पोरं घरीच वाढू द्या. मी इंग्लंडात अशाच एका बालगृहात नोकरी करते, त्यामुळे ‘ताई, तुमच्याकडे कसं असतं?’ हे आलंच.

फोटोंचं आधी उरकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं, की अशा मुलाची ओळख उघड करायची नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माया असो नाहीतर हौस, पोराचा चेहरा ग्रुपवर टाकायचा नाही. विषय संपला.

आता आमच्याकडचं. आमचं घर म्हणजे गल्लीतल्या चार घरांसारखंच एक, आत चारच मुलं. नवं मूल येणार असलं की त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, झोपताना दिवा लागतो का, हे आम्ही आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवतो. कपडे कोण धुणार, तक्रार कुणाकडे करायची, हे मुलाला समजेल अशा पुस्तिकेत लिहून द्यावंच लागतं. तो नियमच आहे. मध्यंतरी चौदा वर्षांची एक मुलगी आली. सगळा संसार कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. पिशवीला कुणी हात लावला नाही. आमच्या मॅनेजरबाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि आधी न्हाणीघराची कडी आतून कशी लागते ते दाखवलं. रात्री पोरीने ओट्याला टेकून, उभ्यानेच टोस्ट खाल्ला. ‘बस ना’ असं कुणीही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी आपणहून खुर्ची ओढून बसली.

हे वाचून ‘बघा, साहेबाचा देश’ म्हणू नका. इथली बहुतेक बालगृहं खासगी कंपन्या चालवतात. इथल्या सरकारी स्पर्धा प्राधिकरणाने २०२२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा मोठ्या कंपन्यांचा नफा सरासरी २२ टक्क्यांच्या वर निघाला. जागा नाही म्हणून पोरांना आपलं गाव, शाळा सोडून लांब पाठवतात. एजन्सीने तात्पुरती पाठवलेली माणसं येतात-जातात. पोराने जीव लावावा तोवर चेहरा बदललेला.

आणि बालगृहं बंद करा म्हणणाऱ्यांना एकच विचारते: जी मुलगी मामाच्याच घरून पळाली, तिला २,२५० रुपये देऊन परत मामाकडे धाडणार? संस्था हा शेवटचा उपाय, हे कायद्यातही आहे आणि मला ते पटतं. पण शेवटचा उपाय लागतो तेव्हा तो धड असावा लागतो. भुसावळ जंक्शनला सापडलेलं पोर चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करतात, आणि आदेश झाला की ते बालगृहात येतं. ते धडगाव-अक्कलकुव्याकडचं असेल तर घरात पावरी नाहीतर भिलोरी ही आदिवासी बोली बोलणारं. समोर रजिस्टर, प्रमाण मराठीतले प्रश्न, मग हॉलमध्ये एक सतरंजी. तिथे त्याच्या बोलीत ‘जेवलास का’ विचारणारी एक मावशी असली, आणि महिन्याभराने तीच मावशी तिथेच असली, तर माझ्या मते निम्मं काम झालं. ती टिकत नाही, कारण पगार तुटपुंजा आणि अनुदान रखडलेलं. केळीच्या बागेत निंदणीला गेलेली बाई तिच्यापेक्षा बरे पैसे मिळवत असेल.

म्हणून ग्रुपवर लिहिलं, की वाढदिवसाला पोरांना श्रीखंड-पुरी वाढण्यापेक्षा तेच पैसे वर्षभर रात्रपाळीच्या काळजीवाहक बाईच्या पगारात घाला, आणि ती पावरी-भिलोरी जाणणारी बघा. बराच वेळ सगळे गप्प. मग फैजपूरच्या एका दादांनी विचारलं, ‘पावती आमच्या नावाची मिळेल ना?’

मिळेल दादा. फोटो तेवढा पावतीचाच टाका.