व्हॅटिकनला गाइड हवाच

खाजगी गाइडवर पैसे घालवू नका, ऑडिओ गाइड पुरतो, हे व्हॅटिकनवरच्या लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये, म्हणजे छतावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध प्रार्थनागृहात, गाइडला बोलायला मनाईच आहे. म्हणून आमच्या गाइडबाईंनी आधी बाहेरच्या अंगणात, फलकांवरच्या चित्रांवरून सगळं छत समजावून दिलं. मायकेलअँजेलोनं ते १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं, तेही आडवं पडून नव्हे, उभ्यानं, मान मागे टाकून! (तिथलीच ‘अंतिम न्याय’ या चित्राची भिंत त्यानंतर वीसेक वर्षांनी हाती घेतली.) आत गेल्यावर आईनं छतावरचं ‘आदमची निर्मिती’ हे चित्र स्वतःच शोधलं आणि मला खुणेनं दाखवलं. डोळे भरून आले होते तिचे. ‘पिएता’ ही मायकेलअँजेलोचीच मूर्ती मात्र १९७२च्या हल्ल्यापासून काचेआड आहे, ती लांबूनच पाहिली.