मॅडम, कुठलं चॅनेल?

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या जगात ‘रेकॉर्ड शॉट’ नावाचा एक अत्यंत सभ्य अपमान असतो. म्हणजे बघा, तुम्ही दूधवाल्याच्या आधी उठायचं, गारठ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटला जायचं, नदीच्या वासाकडे दुर्लक्ष करून चिखलात बैठक मारायची, चक्रवाकाची जोडी जरा जवळ आली की टिपायची, घरी येऊन कौतुकाने पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकायची, आणि पाच मिनिटांत खाली कुणीतरी लिहितं, "वा. छान रेकॉर्ड शॉट." अर्थ असा की पक्षी कुठला ते कळतंय, पुढचं आमच्याच्याने बघवत नाही.

माझा जुना कॅमेरा ब्रिज प्रकारातला. लेन्स बदलायची भानगड नाही, बटण दाबलं की सोंड सुर्रकन बाहेर, थेट चंद्रावरचे खड्डे. कोजागिरीला सोसायटीत माझी फार वट असायची. पण चंद्र जागचा हलत नाही आणि चिमुकला शिंजीर पक्षी हलतो, दुखणं सगळं तिथेच. कॅमेरा फोकस शोधायला पुढे जायचा, मागे यायचा, विचार करायचा, मग एकदाचा ‘सापडलं’ म्हणून बीप करायचा, तोवर शिंजीर शेजारच्या सोसायटीत. पुणे जिल्ह्यातल्या रिकाम्या फांद्यांचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

भाच्याने यामागचं शास्त्र सांगितलं. म्हणाला, मावशी, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, साधारण 6 बाय साडेचार मिलिमीटर, आणि मोठ्या, फुल फ्रेम कॅमेऱ्याचा 36 बाय 24, म्हणजे क्षेत्रफळात तीसपट. उजेड कमी पडला की तुझ्या फोटोत रवा सांडल्यासारखं दिसणारच. लांबचं जवळ दिसणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं. हे वाक्य ऐकल्यापासून माझी झोप गेली.

आता कुठला घ्यावा हे ग्रुपवर विचारलं. कधीही विचारू नका. कॅनन, निकॉन आणि सोनी अशी तीन घराणी आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही. एकजण म्हणाले फुल फ्रेमशिवाय दुसरा विचारच करू नका, दुसरे म्हणाले पक्ष्यांना त्याहून लहान असलेला क्रॉप सेन्सरच बरा, 600 मिलिमीटरची लेन्स 900सारखी पोचते, तिसऱ्यांनी सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे आतमध्ये आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा, घ्या म्हणून सांगितलं आणि स्वतःचाच विकायला काढलेला आहे हे तीन मेसेजनंतर कळवलं. एक डॉक्टर काका आहेत, त्यांच्याकडे 600 एफ4ची प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी पण भरपूर उजेड घेणारी, किंमत आमच्या गाडीपेक्षा जास्त. ते शांतपणे म्हणाले, "बॉडी काय गं, येते आणि जाते. पैसे काचेत घाल." डॉक्टरांना हे म्हणायला काय जातंय.

शेवटी क्रॉप सेन्सरचा, आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा आणि 150-600ची झूम लेन्स असा बेत ठरला, सगळं मिळून अडीच लाखाच्या पुढे. नवरा आकडा ऐकून फक्त "बरं" म्हणाला, हे ‘बरं’ कुठलं ते लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेल्या बायकांना सांगायला नको. सासूबाईंनी मात्र मुद्देसूद मांडणी केली. "तेवढ्यात पाटल्या आल्या असत्या. पाटल्या अडीअडचणीला मोडता येतात. हा मोडला की मोडला." यावर आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही. त्यात अडीच लाख ही फक्त सुरुवात होती हे मी आईंना सांगितलेलंच नाही. मग वेगवान मेमरी कार्ड, जादाच्या बॅटऱ्या, बॅग, पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पापडाच्या डब्यापेक्षा जास्त काळजी आमच्या घरात आता या डब्याची घेतात.

पण खरं सांगते, कॅमेरा आहे जबरदस्त. पहिल्याच रविवारी वेडा राघू सापडला. हा पक्षी नवशिक्यांवर फार मेहेरबान, तारेवरनं उडतो, हवेत माशी पकडतो आणि बरेचदा परत त्याच जागी येऊन बसतो, म्हणजे तुम्ही नेम धरून थांबायचं फक्त. मधमाशी धरली की लगेच गिळत नाही, तारेवर डावी-उजवीकडे आपटतो, घासतो, नांगीचा बंदोबस्त करतो, मग मान वर करून गट्टम. हे मी डोळ्यांनी शंभरदा पाहिलं असेल, पण या वेळी स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर चोचीत आडवी धरलेली माशी, तिचा सुटा झालेला एक पंख बाजूला हवेत तरंगतोय, आणि राघूचा डोळा लालभडक. मी रस्त्यात उभी राहून "अगं बाई" एवढंच म्हणाले, बाजूने जाणारा टेम्पोवाला उगाच ब्रेक मारून थांबला.

मग घरी येऊन लॅपटॉपला लावला. सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर बोट जरा रेंगाळलं की काय होतं ते तेव्हा कळतं. एकेक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, 25-30 एमबी, म्हणजे हजार फोटोंना 25-30 जीबी, आणि हजार व्हायला फार वेळ लागत नाही. एकाच बुलबुलाचे शेदीडशे फोटो, सगळ्यांत तो तस्साच बसलेला. त्यातला चांगला कुठला? कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो, हे त्याचं मोठं कौतुक, पण पक्ष्यांना आपल्या दोन पापण्यांच्या आत आणखी एक तिसरी, अर्धपारदर्शक पापणी असते आणि ती नेमकी तेव्हाच फिरते. त्यामुळे फोकस एकदम अचूक, कशावर, तर त्या दुधाळ पडद्यावर. बुलबुलाला मोतीबिंदू झाल्यासारखा. रात्री दीड वाजता मी डिलीट, डिलीट करत असते आणि नवरा कूस बदलून म्हणतो, "बरं."

आणि काही गोष्टी अडीच लाखांनाही जुमानत नाहीत. भिगवणला कुंभारगावातनं होडी केली, नावाडी दादा तयारीचे, "मॅडम, लेफ्टला ऑस्प्रे" म्हणून मासा घेऊन बसलेला कैकर दाखवतात, पण जरा ऊन चढलं की उजनी धरणाच्या पाण्यावरची हवा अशी थरथरायला लागते की लांबच्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, पाय नागमोडी येतात. जितकी लांबची लेन्स तितकी थरथर जास्त पकडणार, जवळ जाणं हाच इलाज आणि जवळ गेलं की रोहित उडणार.

थोडक्यात पक्ष्यांना माझ्या नव्या कॅमेऱ्याचं काहीही नाही. फरक पडलाय तो माणसांना.

जुना कॅमेरा घेऊन मी कुठेही उभी राहायचे, कुणी ढुंकून बघायचं नाही. आता ही दोन किलोची तोफ हातात दिसली की वॉचमन परवानगी विचारतो. आमच्याच सोसायटीत उंबराला फळं आली की तांबट पक्षी येतो, तो उंबर चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीसमोर, काकूंनी थेट सेक्रेटरींकडे तक्रार केली. मी जाऊन तांबटाचे फोटो दाखवले तर म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण मागे आमचे टॉवेल दिसतायत."

इंदापूरच्या बाजूला एका गावतळ्यावर शेकाट्यांची, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांची, फलटण उतरली होती. मी बांधावर कोपर टेकून श्वास रोखून बसलेले, मागून आवाज, "मॅडम, कुठलं चॅनेल?" वळून बघते तर पांढरी टोपी, पांढरा सदरा, एक आजोबा. म्हटलं, बाबा, चॅनेल नाही, पक्ष्यांचे फोटो काढतेय. आजोबांचा विश्वास बसला नाही. एवढा मोठा कॅमेरा पाखरांसाठी कोण आणेल? "पाखरांचं घ्या हो नंतर, आधी आमच्या पाइपलाइनचं घ्या. फुटून पार वाट लागली, कोणी बघत नाही." तोवर आणखी चौघं जमली, एकाने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. काय करता, गेले. पाइप अगदी समोर, आणि माझी झूम चुकून 600वर, फ्रेममध्ये एक गंजका नट तेवढा आला. आजोबांनी स्क्रीनमध्ये डोकावून नट नीट निरखला आणि विचारलं, "आज रात्री लागेल का?" इकडे शेकाटे कधीच उडाले होते. फोटो मी त्यांच्या ग्रामपंचायत सदस्याच्या व्हॉट्सअपवर पाठवला, पुढचं माहीत नाही.

पण कहर झाला तो चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत. तिथून परस्पर सिंहगड व्हॅलीत जायचं होतं, स्वर्गीय नर्तक पक्षी ओढ्यावर आंघोळीला येतात म्हणून, आणि एप्रिलच्या उन्हात लेन्स बंद गाडीत ठेवायची नसते म्हणून मी बॅग कार्यालयात आणली. आत्याने ती उघडायला लावली. "अगं बाई, एवढी मोठी दुर्बीण! काढ आमचा सगळ्यांचा एक फोटो." मी समजावलं की आत्या, ही लेन्स लांबच्यासाठी असते, जवळचं यात मावत नाही. "मग लांब जा की."

लांब म्हणजे किती, तर झूम 150वर ठेवूनसुद्धा चार मीटरची रांग मावायला पंचवीस मीटर. मी मागे मागे निघाले. खुर्च्या संपल्या, भटजींच्या पिशव्या संपल्या, पंगतीच्या मधून वाट काढत, "मॅडम, जिलबी" "नको" करत शेवटी हात धुवायच्या बेसिनला पाठ लागली तेव्हा दोन्ही टोकं बसली. तिथून ओरडून काही ऐकू जाईना म्हणून वहिनीला फोन लावला. "मामांना जरा डावीकडे घे. माझ्या डावीकडे नाही, त्यांच्या. बटूला म्हणावं समोर बघ." बटूने समोर बघितलं, त्याला मी दिसलेच नाही. तेवढ्यात मधून मठ्ठ्याची बादली गेली.

फोटो मात्र असा आला की विचारू नका. आत्याच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. आत्याने चष्मा वर करून, बोटाने मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "दातात कोथिंबीर आहे माझ्या, पूस ती."

परवा आत्याचा परत फोन आला, नातीचं बारसं आहे, दुर्बीण घेऊन ये. मी म्हटलं अगं आत्या, जागा लागते त्याला. तर म्हणाली, "माहितेय. हॉल मुद्दाम लांबडा बघितलाय. पंचवीस मीटर आरामात, मोजून आलेत हे."