कायोटीला आवतण

पेनसिल्वेनियात वर्षानुवर्षं रविवारी शिकारीला बंदी होती. हरणं, ससे, टर्की, सगळ्यांना साप्ताहिक सुट्टी. बराच काळ ती मिळत नसे फक्त कोल्हे, कावळे आणि कायोटी (कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान असा तिथला जंगली प्राणी) यांना. आणि मला. बर्फ पडला की माझा शेजारी त्याच्या यंत्रानं माझाही ड्राइव्हवे साफ करून देतो. असा माणूस जानेवारीतल्या रविवारी पहाटे साडेचारला ‘चल, कायोटीला हाक मारू’ म्हणाला, तर नाही म्हणायची सोय नसते.

हाक मारायची म्हणजे झाडीत थोड्या अंतरावर एक स्पीकर ठेवायचा, त्याच्याजवळ काडीवर गरगर फिरणारं एक केसाळ शेपूट रोवायचं आणि रिमोट दाबायचा. लगेच जखमी सशाचा आक्रोश सुरू. तो इतका जीवघेणा, की मलाच मदतीला धावावंसं वाटलं. पण धावणं लांब राहिलं, हलायचीही चोरी. रुंद ओकला पाठ टेकून बसायचं, म्हणजे माणसाचा आकार खोडात मिसळून जातो. नाक खाजवायचं नाही, खोकायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे कुणी पाच मिनिटं गप्प बसलं तर कपाळाला हात लावून ताप बघत.

शिकवणी गाडीतच झाली होती. कायोटीला आवाज कुठून आला ते लांबूनच नेमकं कळतं, पण म्हणून तो सरळ तिथे येत नाही. स्थळाची चौकशी करणारा मामा मुलाच्या दारात जाण्याआधी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो, तसं त्याचं. आवाजावरून वारा जिकडे वाहतो, त्या बाजूला तो वळसा घालतो. ओढ्याची घळ, लाकूडतोडीची जुनी वाट, झुडपांची कड धरून यायचं, मध्येच थांबून कान द्यायचा, उघड्यावर शक्यतो पाय टाकायचा नाही. नाकाची खात्री पटली तरच पुढे. त्यामुळे जाणता शिकारी स्पीकरकडे बघत बसत नाही, वाऱ्याच्या खालच्या अंगावर डोळा ठेवतो. लाल कोल्हा त्यातल्या त्यात उतावळा. झपझप येतो, पण तोही शेताच्या कडेकडेनं आणि कायोटीचा अंदाज घेत, कारण कायोटी त्याला मारूनही टाकतो. राखाडी कोल्हा दाट झाडीतला आणि बिनधास्त. हा पठ्ठ्या झाडावरसुद्धा चढतो.

तर शेजारी उजवीकडे वाऱ्याखाली डोळे लावून बसलेला, माझ्या पायांची बोटं मला सोडून गेलेली, आणि डावीकडच्या झुडपातून राखाडी कोल्हा आला. थेट शेपटापाशी. ते फिरतंय तिकडे दोनदा मान फिरवली, स्पीकर हुंगला. बोलायचं नाही, हलायचं नाही, हे नियम शेजाऱ्याचेच होते. मी ते अक्षरशः पाळले. स्पीकरमधला ससा मरायचं नाव घेत नाही म्हटल्यावर कोल्हा कंटाळून निघून गेला. मला तो एकंदर समंजस वाटला.

अर्ध्या-पाऊण तासानं उठलो. शेजाऱ्यानं बर्फात वाऱ्याखालची बाजू तपासली. दाट हेमलॉकच्या झाडांआडून कायोटीच्या पावलांची सरळ रांग आलेली. पुढच्या पायाच्या ठशातच मागचा पाय, एका रेषेत. एका जागी ठसे घोटाळले होते. तिथे उभं राहून त्यानं हवा घेतली असणार. तिथूनच रांग मागे फिरली होती, लांब लांब उड्या घेत.

शेजारी तिथेच उभा राहिला. मग माझ्याजवळ आला आणि माझ्या जॅकेटची बाही हुंगली.

“हे काय आहे?”

“हिंग,” मी म्हटलं. “आणि थोडा लसूण.” आमची जॅकेटं स्वयंपाकघराच्या दारामागेच टांगलेली असतात. हिवाळाभर खिडकी उघडत नाही. चार महिन्यांच्या फोडण्या त्या कापसात मुरलेल्या.

परतताना तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या आठवड्यात दारात एक बाटली ठेवलेली. माणसाचा वास मारणारा, खास शिकाऱ्यांसाठीचा फवारा. बायकोनं सुके बोंबील भाजल्यावर तो स्वयंपाकघरात मारून पाहिला. काडीचा फरक पडला नाही.