आजी, तो डॉक्टर नाहीये

आज पुतण्याचा वाढदिवस होता. चौथीतला पोरगा. केक झाला, वेफर्स-समोसे झाले आणि भेटी उघडायचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मामांनी दिलेल्या पाकिटातून 'जीटीए फाइव्ह' या व्हिडिओ गेमची डिस्क निघाली. पोराने अशी आरोळी ठोकली की खाली वॉचमननेही मान वर केली असेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कव्हर हातात घेतलं आणि म्हटलं, "अहो, यावर अठरा लिहिलंय." पुढच्याच बाजूला, लाल चौकोनात, हे एवढं मोठं. मामा हसले. "असू द्या हो, गाड्यांचा गेम आहे." मग आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सुनावलं, पाहुण्यांना चारचौघांत असं बोलतात का.

नाही बोलत. म्हणून इथे लिहितोय.

आधीच सांगतो, मी गेमच्या विरोधातला माणूस नाही. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून मुस्तफाचा मारामारीचा गेम खेळत वाढलेली आमची पिढी. जीटीए मी शेवटपर्यंत खेळलोय आणि २०१३ साली आलेल्या त्या गेमसारखं शहर आजही दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, असं माझं मत आहे. पण तो मोठ्यांचा गेम आहे. बनवणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही, कव्हरवर छापून दिलंय. आपण फक्त किंमत बघतो आणि गाडीचं चित्र बघतो.

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. मावशी पेपर पसरून मेथी निवडत होती, शेजारी सहावीतला नातू हेडफोन लावून हाच जीटीए खेळत होता. टीव्हीवर खुर्चीला बांधलेला एक माणूस. बाजूच्या टेबलावर पकड, पाना, बॅटरीच्या वायरी. नातवाने पकड निवडली. मावशीने चष्म्यावरून बघत विचारलं, "दात काढतोय का रे त्याचा? डॉक्टर आहे का तो?" नातवाने एक कान मोकळा केला, "हो आजी" म्हणाला आणि कान पुन्हा झाकला. थोड्या वेळाने त्या माणसाचं हृदय बंद पडलं, त्याला इंजेक्शन टोचलं गेलं. मावशी म्हणाली, "हां, आता भूल दिली."

हसा, मीही हसलो होतो. पण ते इंजेक्शन कशासाठी असतं माहितीये? माणूस मरू नये, अजून छळता यावा म्हणून. आणि तो दात आपोआप निघत नाही. खेळणाऱ्याला कंट्रोलरची स्टिक गरागरा फिरवून तो उपटावा लागतो. सिनेमात असलं काही आलं तर आपण तोंड फिरवतो, सीन पुढे सरकतो. इथे तुमचा अंगठा हलल्याशिवाय काहीच सरकत नाही. अकरा वर्षांच्या पोराचा अंगठा हलत होता आणि घरातलं मोठं माणूस शेजारी बसून मेथी निवडत होतं.

आता गंमत बघा. याच मावशीकडे मालिकेच्या मध्ये कंडोमची जाहिरात लागली की रिमोटसाठी झटापट होते. त्याच गेममध्ये नाचणाऱ्या बायकांचा क्लबही आहे. पोरगा त्या क्लबात शिरला असता आणि मावशीला ते दिसलं असतं, तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. दात उपटला तर डॉक्टर!

आणि हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत २००५ साली जीटीएच्याच आधीच्या 'सॅन अँड्रियास' या गेममध्ये लपवून ठेवलेला एक सेक्सचा सीन लोकांनी उकरून काढला. केवढा गहजब! गेमचं रेटिंग सतरावरून अठरावर गेलं, मोठमोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरवला. रस्त्यावरच्या माणसाला बॅटने मारायची सोय त्यात आधीपासूनच होती. ती सतराला चालत होती.

आपल्याकडे तर तेवढंही नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, ओटीटीलाही २०२१ पासून वयाची पाटी लावावी लागते. गेमसाठी असं आपलं बोर्ड नाही. कव्हरवरचे आकडे युरोप-अमेरिकेतून येतात आणि दुकानदाराला त्यांचं काही देणंघेणं नसतं. २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर. पबजी २०२० मध्ये बंद केला, पुढच्या वर्षी तो नाव बदलून आला तेव्हा रक्त हिरवं झालेलं! अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या मोबाइलवर ओटीपी, दिवसाला तीन तासांची मर्यादा. आता पालकांचा मोबाइल कुणाच्या हातात असतो, ते तुम्हीच सांगा.

गेम खेळून कुणी खुनी होत नाही, हे मान्य. मीही झालो नाही. आणि अठराचा आकडा म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, पंधरा-सोळाच्या समजूतदार पोराशी बसून बोलता येतं, हेही मान्य. पण चौथी? अहो, त्याला अजून रात्री बाथरूमला जाताना पॅसेजमधला दिवा लावून द्यावा लागतो.

लिहिता लिहिता वहिनीचा चेहरा आठवतोय आणि राग थोडा उतरतोय. ती सकाळी सातच्या लोकलने जाते, रात्री आठला घरी येते. पोरगा तासभर एका जागी शांत बसला तर तिला नको का वाटेल? मावशीचंही तेच. सुना-मुलं कामाला, नातू सांभाळायचा हिला, आणि टीव्हीवर काय चाललंय ते तिला कुणी कधी समजावून सांगितलंय? तिने निदान विचारलं तरी. आम्ही सगळे चकल्या खात मोबाइलमध्ये होतो. तेवढ्या घरात "हे काय चाललंय रे" असं विचारणारी ती एकटीच होती.

पण ज्यांना वाचता येतं, क्रेडिट कार्डाचे पॉइंट मोजता येतात, पोराच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "या गेम्सवर बंदीच घातली पाहिजे" असे फॉरवर्ड टाकता येतात, त्यांना दोन आकडी संख्या वाचता येत नाही? तुम्हीच विकत आणायचं आणि सरकारने बंदी घालायची? कुणी कमेंटमध्ये "बॅन करा" लिहिलं तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

मामा, तुम्ही मला फॉलो करता, म्हणजे हे वाचालच. राग मानू नका, तुम्ही प्रेमानेच आणलंय. डिस्क अजून फोडलेली नाही, वहिनीच्या कपाटात वरच्या खणात आहे. बिल असेल तर दुकानदार बदलून देईल. गाड्यांचाच हवा तर शर्यतीचा घ्या, त्यातल्या बऱ्याच गेमवर ३ लिहिलेलं असतं. आणि 'एवढं काय असतं त्यात' असं अजूनही वाटत असेल तर शनिवारी जेवण झाल्यावर माझ्याकडे या, पोरांना न घेता. माझ्याकडे तो गेम आहे. तीच दात उपटायची मिशन लावतो आणि कंट्रोलर तुमच्या हातात देतो.