बारा पॉइंट सहा

गॅसची टाकी भरलेली असताना थंडीनं कुडकुडायची हौस असेल, तर माणसानं आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यावी. आमची ट्रेलर जातीची, पिकअपच्या मागे ओढत न्यायची. तिच्यातला हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा आत ढकलणारा पंखा चालतो बॅटरीवर, आणि बॅटरी पहाटे तीनला मान टाकते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, सुमारे 7000 फुटांवर, मेदर कॅम्पग्राउंड आहे. तिथं विजेची जोडणी नाही आणि जनरेटर लावायचा तो ठरल्या वेळेतच. गेल्या ऑक्टोबरात सासूबाईंनी दोन स्वेटर, एक शाल आणि माझं जाकीट घालून तिथं रात्र काढली. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, “महाबळेश्वरला यापेक्षा स्वस्तात गारठलो असतो.”

नवऱ्यानं तिथंच पण केला, की यापुढे बॅटरी तपासल्याशिवाय ट्रेलर हलणार नाही.

आम्ही राहतो फिनिक्सला. इथला उन्हाळा बॅटरीतलं पाणी पितो. ट्रेलर नुसता उभा असला तरी गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र दिवसरात्र थोडी थोडी वीज खात बसतं. आमच्या बॅटऱ्या गोल्फ कार्टच्या, सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकीला एक जोडून बारा केलेल्या. गाडी सुरू करणारी बॅटरी एकदाच जोर लावते आणि मोकळी होते. या मात्र रात्रभर संथपणे राबायच्या असतात. त्यामुळे त्यांची तब्येत नुसत्या वरवरच्या तपासणीत कळत नाही. हे आम्हाला कळायला भरपूर डॉलर लागले.

पहिला आला मल्टिमीटर, व्होल्ट मोजणारा. स्वस्त आणि मस्त. बारा पॉइंट सहा-सात म्हणजे भरलेली, बारा पॉइंट दोन म्हणजे निम्मी, बारा म्हणजे पाव उरलेली. सगळा संसार त्या अर्ध्या व्होल्टात. नवरा दशांशानंतरचे आकडे शेअर बाजारासारखे वाचायला लागला. चार्जर काढल्या काढल्या मोजलं की बॅटरी झकास दिसायची, कारण ताजा ताजा चार्ज नुसता वर वर साचलेला असतो. खरा आकडा हवा तर तिला काही तास चार्जरही नको आणि भारही नको, नुसतं निवांत सोडायचं. आमच्या घरात ही सवलत माणसांनाही नाही.

मग आला हातात मावणारा डिजिटल टेस्टर. दुकानातला मुलगा म्हणाला, सगळे मेकॅनिक हाच वापरतात. वापरत असतीलही, पण गाड्यांच्या बॅटऱ्यांना. चिमटे लावले की तो आधी विचारतो, थंडीत गाडी सुरू करायला ही किती अँपिअर देते? आमच्या बॅटरीवर तो आकडाच छापलेला नव्हता. तिथं लिहिलं होतं 220 अँपिअर-अवर. नवऱ्यानं अंदाजे एक आकडा घातला, टेस्टर म्हणाला, उत्तम. थोडा वाढवून घातला, टेस्टर म्हणाला, बदला. आपल्याच तोंडून उत्तर काढून घेणारे ज्योतिषी मी पाहिलेत, पण त्यांना सेल घालावे लागत नाहीत.

बॅटरीवर एकदम मोठा भार टाकून बघणारा लोड टेस्टरही आला. बटण दाबलं की आतली तार लाल होते, दहा सेकंद काटा बघायचा आणि हात भाजायच्या आत सोडायचं. बॅटरी अगदीच मेलेली असली तर हा सांगतो. रात्रभर चालेल का, याबद्दल तो मौन पाळतो.

सासरे साताऱ्याहून आलेले. भारनियमनाच्या काळात त्यांनी घरचा इन्व्हर्टर लेकरासारखा जपला होता. ते तीन दिवस खुर्चीत बसून हा सोहळा बघत होते. शेवटी म्हणाले, “अरे, ॲसिडची घनता बघितलीस का?”

“अण्णा, आता तसं कुणी करत नाही.”

“म्हणूनच कळत नाही कुणाला.”

ऑटो पार्ट्सच्या दुकानातून त्यांनी सगळ्यांत स्वस्त वस्तू उचलली, हायड्रोमीटर. रबरी फुगा, काचेची नळी, आत तरंगणारा काटा. माझे बागेतले हातमोजे घातले, नातवाचा पोहायचा चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातला खायचा सोडा हाताशी ठेवला. एकेका झाकणातून ॲसिड ओढायचं, डोळ्यासमोर धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं. एकेका बॅटरीत तीन कप्पे, म्हणजे सेल; दोन्हींचे मिळून सहा. पाच सेलची घनता 1.260 च्या आसपास, म्हणजे ठीक. सहावा 1.150. अण्णांनी तो तीनदा ओढून पाहिला आणि हळूच म्हणाले, “हा गेला.”

नवऱ्याला पटेना. मल्टिमीटर बारा पॉइंट पाच दाखवत होता. मग ठरलं, की खरी परीक्षा घ्यायची. 220 अँपिअर-अवर याचा अर्थ 11 अँपिअर दराने वीस तास. तेवढा भार पडावा म्हणून जुन्या हेडलाइटचे 55 वॅटचे दोन बल्ब अण्णांनी दरवाज्याच्या जाळीला टांगले, छतावरचा पंखा लावला, आणि वहीत तासातासाला नोंदी सुरू झाल्या. संध्याकाळी सहाला प्रारंभ. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, आमचा काही सण आहे. मी नाही म्हटलं नाही.

पाळ्या लागल्या. माझी पाळी रात्री दोनची. मी नाइटीवर स्वेटर चढवून खुर्चीत बसले होते, बल्ब पिवळेधमक जळत होते आणि सासूबाईंनी दिलेला चहा थंड होत होता. चारच्या सुमाराला उजेड तांबूस व्हायला लागला. अण्णांना उठवावं लागलं नाही, ते आधीच दारात उभे. पाचला मीटरवर साडेदहा व्होल्ट, म्हणजे बॅटरी संपली. वेगवेगळं मोजलं, तर एका बॅटरीत पाच पॉइंट नऊ, दुसरीत चार पॉइंट सहा. ती दुसरी म्हणजे अण्णांच्या सहाव्या सेलची. वीसच्या जागी अकरा तास. अण्णांनी वहीवर तारीख टाकून सही केली.

जुनीला नवी जोडीदार दिली तर जुनी तिला घेऊन बुडते, म्हणून दोन्ही काढायच्या. दुकानात लिथियमची शिफारस झाली. हलकी, पाणी घालायला नको, आणि व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तेरापाशी ठाम.

“मग शिल्लक किती राहिलंय ते कळणार कसं?” नवऱ्यानं विचारलं.

विक्रेत्यानं शंट लावायचा मॉनिटर पुढे केला, आत गेलेली आणि बाहेर पडलेली वीज मोजणारा. नवऱ्यानं किंमत न बघता पिशवीत टाकला. अण्णा मात्र नवी बॅटरी उलटीपालटी करून बघत होते. खिशातला हायड्रोमीटर त्यांनी बाहेर काढला होता.

“अगं,” त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हिला झाकणं कुठायत?”