जोखीम कुणाची, हिशेब कुणाचा?

नाशिकमध्ये सध्या ज्याला त्याला डिजिटल व्हायचंय. अंबडच्या वर्कशॉपवाल्याला ईआरपी (हिशेब, साठा, ऑर्डर एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) हवाय, निफाडच्या बागायतदाराला बागेत सेन्सर हवाय, कॉलेज रोडच्या क्लासवाल्याला स्वतःचं ॲप हवंय. मला त्याचा आनंदच आहे. छोट्या कारखान्यांतल्या मशीनवर मॉनिटरिंग बसवून देणं हाच माझा व्यवसाय. पण हे काम करताना जे दिसतं ते आज जरा सविस्तर लिहितोय, कारण खर्च सगळेच करतायत आणि त्यातून धंद्याची रीत बदलतेय ती फार थोड्यांची.

माझं म्हणणं साधं आहे. वहीतला हिशेब कॉम्प्युटरवर आला म्हणून धंदा बदलत नाही. तुम्ही नेमकं काय विकता, पैसे कशाच्या मापाने घेता आणि काही बिघडलं तर तोटा कुणाच्या अंगावर येतो, यातलं काहीतरी हललं तर धंदा बदलला. एरवी नुसता खर्च वाढला.

मिसळीच्या दुकानाचं बघा. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि आज आपल्या शहरात क्यूआर कोड नसलेलं मिसळीचं दुकान सापडायचं नाही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, उधारी कमी झाली, पण मिसळवाल्याचा धंदा आहे तसाच आहे: प्लेटमागे दर, एक्स्ट्रा पावाचे वेगळे. धंदा बदलला तो क्यूआर लावून जाणाऱ्याचा. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग या कंपन्यांनी कमवायचं कशावर? त्यांनी साउंडबॉक्स भाड्याने दिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुकानाच्या रोजच्या गल्ल्याची नोंद त्यांच्या हाती आली. त्या नोंदीच्या भरवशावर कर्ज मिळवून द्यायचं, आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर कापून घ्यायचा. यात वाईट काही नाही. ज्या माणसाला कागदपत्रांअभावी बँकेत कुणी विचारत नव्हतं त्याला पैसे मिळाले. पण लक्षात घ्या, नोंद तयार केली दुकानदाराच्या कष्टाने आणि तिच्यावर धंदा उभा केला तिसऱ्याने. पुढचं सगळं मी याच नजरेने सांगणार आहे.

वापरलं तेवढ्याचे पैसे, ही कल्पना काही डिजिटल युगाची नाही. झेरॉक्सने 1959 मध्ये 914 हे कॉपी मशीन आणलं तेव्हा ते विकत घेणं ऑफिसांच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून महिना 95 डॉलर भाडं, त्यात 2000 कॉपी, आणि पुढच्या प्रत्येक कॉपीचे वेगळे पैसे. मोजणारा काउंटर मशीनमध्येच. 1962 मध्ये ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडलेने विमानाचं इंजिन उडालेल्या तासांवर सांभाळून द्यायला सुरुवात केली, आणि पुढे रोल्स-रॉइसने त्याच रीतीवर मोठा व्यवसाय बांधला. मग डिजिटलने नवीन काय केलं? मोजणं स्वस्त केलं. जी मोजदाद तेव्हा झेरॉक्ससारख्या कंपनीलाच परवडायची, ती आता सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये परवडते. मोजता आलं की विकता येतं, आणि इथून खरा बदल सुरू होतो.

कंप्रेसरचंच घ्या. आपल्या एमआयडीसीत जवळजवळ प्रत्येक शेडच्या मागे एक धडधडत असतो. टूल बदलणं, जॉब घट्ट पकडणं, धातूचा कीस उडवणं, सगळं त्याच्या दाबाच्या हवेवर. ही हवा फार महाग पडते. कंप्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत छोटी, विजेचं बिल मोठं. आणि लाइनची देखभाल नसेल तर तयार झालेल्या हवेपैकी 20 ते 30 टक्के सांध्यांमधून गळून जाते. पण विकणाऱ्याचा धंदा कंप्रेसर विकण्याचा असेल तर तुम्ही गरजेपेक्षा मोठा घेण्यातच त्याचा फायदा. जर्मनीच्या केझर कंपनीने हवाच विकायला काढली. कंप्रेसर त्यांच्या मालकीचा, उभा तुमच्या आवारात, आणि बिल घनमीटरवर. मशीन बंद पडलं तर उत्पन्न त्यांचं थांबतं, म्हणून बेअरिंग गरम होतंय का, फिल्टर तुंबलाय का, हे तुमच्या आधी त्यांना कळलेलं असतं. तेच सेन्सर तुम्ही स्वतःच्या कंप्रेसरला लावलेत तर एक डॅशबोर्ड मिळेल. त्यांनी लावले तर धंद्याची रीत बदलते, कारण बिघाडाची जोखीम त्यांच्याकडे गेलेली असते. असा करार करणार असाल तर एक सांगतो: मीटरच्या पुढे जी गळती होते तिचं बिल तुमच्यावरच येतं आणि ती थांबवण्यात विकणाऱ्याला काही रस नसतो. लाइनच्या तपासणीचं कलम करारात घालून घ्या.

आता माझ्या रोजच्या कामाचं. व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनवर, मॉनिटरिंग बसवणं तसं किरकोळ काम आहे. मेन केबलभोवती करंट मोजणारी एक रिंग, टॉवर लॅम्पच्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांना वायरी, आणि पॅनेलमध्ये तळहाताएवढा एक डबा. पहिल्या दिवशी आलेख बघताना मालक गप्प होतो. हिरवा दिवा लागलाय, म्हणजे मशीन चालू. पण करंट वर चढलेलाच नाही, म्हणजे टूल हवेत फिरतंय, मटेरियलला लागलेलंच नाही. बाकीचा वेळ सेटिंगमध्ये, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) शोधण्यात, पहिला पीस पास होण्याची वाट बघण्यात. मशीन दिवसभर चालतंय या समजुतीवर ज्याने वर्षानुवर्षं रेट काढले, त्याला प्रत्यक्ष कटिंगचे तास दिसतात.

अंबडमधल्या एका मालकाने या आलेखातून काय केलं ते मला फार आवडलं. तो गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क पीस रेटने करायचा. रात्रपाळी बहुतेक रिकामी जाते हे त्याला दिसलं. डाय-मोल्ड, म्हणजे साचे बनवणाऱ्यांना एखाददुसराच पीस लागतो, तिथे पीस रेट बसत नाही. त्यांना त्याने रात्रीचे तास विकायला सुरुवात केली. ग्राहकाला मोबाइलवर दिसतं की आपला प्रोग्रॅम कधी सुरू झाला, किती वेळ कटिंग झालं, कधी थांबला. बिल तेवढ्याच तासांचं. मध्ये लाइट गेली किंवा टूल तुटलं तर तो वेळ मालकाच्या नावावर. मशीन तेच, ऑपरेटर तोच, विकली जाणारी वस्तू नवीन. आणि ही वस्तू मोजणीशिवाय विकताच आली नसती, कारण ग्राहकाने नुसत्या शब्दावर तासांचं बिल मान्य केलं नसतं.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र नेमकं उलटं झालं आणि ते सांगताना अजूनही राग येतो. तिथे मोठ्या ग्राहक कंपनीने पारदर्शकतेच्या नावाखाली मॉनिटरिंगचं लॉगिन मागितलं. ऑर्डर हातची जाईल या भीतीने मालकाने ते दिलं. पुढच्या रेटच्या बोलणीत पर्चेसवाल्यांच्या हातात याच्याच मशीनचा सायकल टाइमचा, म्हणजे एका पीसला लागणाऱ्या वेळेचा रिपोर्ट. वेळ कमी झाला होता तो याने स्वतःच्या पैशाने चांगली टूल्स आणली म्हणून. मशीनचा हप्ता हा भरतोय, धोका हा घेतोय, आणि बचत मात्र रेटमधून सगळी कापून नेली. हा सरळ अन्याय आहे.

त्याच लहान माणसाच्या बाजूने वापरता येईल अशीही एक व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि ती अनेकांना माहीतच नसते. ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी बिल डिस्काउंटिंगची, म्हणजे येणं असलेल्या बिलाचे पैसे थोडं व्याज कापून आधीच मिळवण्याची व्यवस्था. तुम्ही माल दिला, ग्राहक कंपनीने ट्रेड्सवर बिल मान्य केलं, की त्या बिलावर बँका बोली लावतात आणि पैसे दोनतीन दिवसांत तुमच्या खात्यात. व्याजाचा दर ठरतो ग्राहक कंपनीची पत बघून, तुमची पत बघून नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढे त्या कंपनीने पैसे थकवले तर बँक तुमच्या मागे लागू शकत नाही. जोखीम कशी सरकते, बघा! लघुउद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा 2006 चा आहे, बिल चुकवायला 45 दिवसांची मर्यादा त्यात आहेच. पण मोठ्या ग्राहकावर तक्रार करायला कोण धजावतो? 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी आता सक्तीची आहे. अडचण एवढीच की नोंदणी करणं वेगळं आणि तुमचं बिल तिथे मान्य करणं वेगळं. म्हणून पुढची ऑर्डर घेताना आमची बिलं ट्रेड्सवर टाका, असं लेखी मागा. एकट्याने मागितलं तर हसतील. दहा व्हेंडरनी मिळून मागितलं तर विचार करावा लागेल.

शेतीतही हेच चित्र. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, मोठा झटका बसला, आणि त्यातून 2006 मध्ये अपेडाचं (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट आलं. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद, नमुना प्रयोगशाळेत, अहवाल सिस्टीमवर, आणि युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून थेट दिंडोरीच्या प्लॉटपर्यंत माग काढता येतो. बाजार समितीच्या ढिगात बागायतदाराला नाव नसतं. इथे त्याच्या प्लॉटला ओळख मिळाली. या ओळखीच्या जोरावर मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने विलास शिंदेंच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी उभी केली आणि थेट परदेशी सुपरमार्केटशी व्यवहार केला. नोंद आणि धंदा दोन्ही बागायतदारांच्याच हातात राहिले. ज्या जिल्ह्यात माल उचलून व्यापारी पळाल्याच्या बातम्या दर हंगामात वाचाव्या लागतात, तिथे ही गोष्ट केवढी मोठी आहे हे मी सांगायला नको.

आता नवी पिढी बागेत सेन्सर लावतेय. पान किती तास ओलं राहिलं, मुळाशी ओल किती, यावरून डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीचा इशारा मोबाइलवर येतो आणि एखादी फवारणी वाचते. उपकरणाचे पैसे एकदा, पुढे दर वर्षी सबस्क्रिप्शन. उपयोगाचं आहे, माझ्या मावसभावाच्या बागेतही आहे. पण शेकडो बागांची ही माहिती एकत्र आली की तिचं मोल औषध कंपनीला आहे, विमा कंपनीला आहे, निर्यातदाराला तर आहेच, कारण कुठल्या पट्ट्यात माल कधी तयार होणार हे भाव ठरवण्याआधी त्याला कळू शकतं. बागायतदार सबस्क्रिप्शनही भरणार आणि माहितीही फुकट देणार, हा कुठला हिशेब?

युरोपात यावर कायदा झाला. 12 सप्टेंबर 2025 पासून तिथल्या डेटा ॲक्टप्रमाणे इंटरनेटला जोडलेल्या यंत्राची माहिती मिळण्याचा हक्क ते यंत्र वापरणाऱ्याला आहे, आणि ती आपल्या पसंतीच्या तिसऱ्याला द्या असंही तो सांगू शकतो. आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी माहितीपुरता आहे. तुमच्या व्हीएमसीचे कटिंगचे तास किंवा बागेतल्या मातीची ओल त्यात येत नाही. म्हणजे आपलं संरक्षण करारातच, आणि करार आपण वाचत नाही.

निमा आणि आयमा या आपल्या उद्योजकांच्या संघटना आणि द्राक्ष बागायतदार संघ, या तिन्ही संघटनांनी प्रत्येकी एक नमुना करार मराठीत तयार करावा, अशी माझी मागणी आहे. माहिती कुणाची, ती कुणाला दाखवायची, दाखवली तर त्याबद्दल काय मिळणार, मशीनवर पैसे कुणी घातले आणि बचतीत वाटा किती, सबस्क्रिप्शन बंद केलं तर जुन्या नोंदी परत मिळणार का, एवढं त्यात आलं तरी पुष्कळ. माझ्या ग्राहकांसाठीच्या करारात मी ही कलमं याच महिन्यात घालतोय आणि मसुदा निमा व आयमाला पाठवतोय. ज्यांनी सेन्सरचे, मॉनिटरिंगचे किंवा हवेच्या मीटरचे करार केलेत त्यांनी कंपनीचं नाव झाकून ती पानं मला इनबॉक्समध्ये पाठवा. कुठली कलमं कुठे अडतात हे मसुदा पाठवण्याआधी बघायचंय.