म्हणे ‘सगळं गणित आता कॉम्प्युटरात गेलं’

फोंडा म्हणू नका, म्हापसा म्हणू नका, शिक्षक-पालकांच्या ग्रूपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. सगळं गणित आता कॉम्प्युटरात फीड झालंय, कॉम्प्युटरला फॉर्म्युला माणसासारखाच समजतो, कोट्यवधी आकडे टाकून तो सेकंदात सिद्ध करतो आणि त्याने पास केलेलं चुकूच शकत नाही, तेव्हा पोरांना प्रूफं शिकवणं बंद करा. खाली टाळ्यांचे इमोजी. यात एक अर्धी गोष्ट खरी आहे, ती कुठली ते सांगतोच.

आधी ते ‘समजतो’ घ्या. पीडीएफमध्ये एक्सचा वर्ग म्हणजे काय, तर एक अक्षर आणि त्याच्या उजवीकडे जरा वर बारीक टायपातला २, बस्स, वर्ग वगैरे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. आता एक्सच्या डोक्यावर उणे एक लिहा, ते झालं एक भागिले एक्स. तोच उणे एक साइनच्या डोक्यावर लिहा, तर तो इन्व्हर्स, म्हणजे साइनवरून उलटा कोन काढणं, एक भागिले साइन नव्हे! बारावीची पोरं इथेच आपटतात आणि मशिनचंही तेच होतं, कारण कागदावर दोन्ही दिसायला सारखेच. म्हणून तर वेबवर गणित लिहायला १९९८ मध्ये मॅथएमएल आलं त्यात दोन वेगळ्या सोयी ठेवल्या, एक फॉर्म्युला दिसतो कसा ते सांगायला आणि दुसरी त्याचा अर्थ काय ते सांगायला. लोक बहुतेक पहिलीच वापरतात, दुसरीत कष्ट फार. चॅटबॉट संदर्भावरून ओळखतो म्हणाल तर ओळखतो, पण तो अंदाजच.

आता ‘सगळं फीड झालंय’. कुणी केलं बाबा? प्रूफं कॉम्प्युटरला तपासता येतील अशी लिहायच्या सिस्टिम तशा जुन्याच, डच गणिती डी ब्रॉयनचं ऑटोमॅथ साठच्या दशकातलं, पोलंडचं मिझार १९७३ चं, १९९४ मध्ये तर सगळं गणित एकाच लायब्ररीत आणायचा क्यूईडी नावाचा जाहीरनामाच निघाला आणि तो जाहीरनाम्यावरच राहिला. हल्ली गाजतंय ते लीन, तेही तसलंच, त्याची मॅथलिब नावाची लायब्ररी २०१७ पासून वाढतेय, ती बहुतांशी माणसांनी, पुष्कळदा फुकटात, ओळ ओळ लिहून वाढवलीय. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचं (दोन धन पूर्ण संख्यांच्या घातांची बेरीज, घात दोनाहून मोठा असेल तर, पुन्हा तोच घात होत नाही) गणिती वाइल्सचं प्रूफ १९९५ मध्ये छापून आलं, ते लीनमध्ये उतरवायचा मोठा प्रकल्प लंडनच्या इंपिरियल कॉलेजात सुरू झाला तो २०२४ मध्ये. आणि सेकंदात? सारखे गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचायचे याचं केप्लरचं अनुमान गणिती हेल्सनी १९९८ मध्ये सिद्ध केलं, बारा तपासनीस बसवले तरी ते ९९ टक्के खात्रीच्या पुढे जाईनात, मग हेल्सनी २००३ मध्ये ते मशिनकडून तपासून घ्यायचं काम काढलं आणि ते संपायला २०१४ उजाडलं. अख्खी टीम राबत होती.

आकडे टाकून सिद्ध होतं हे तर साफ चूक. चार धन पूर्ण संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज पुन्हा कुठल्या पूर्ण संख्येचा पाचवा घात होऊच शकत नाही, असं ऑयलरच्या १७६९ च्या अनुमानातून निघत होतं, जवळजवळ दोनशे वर्षं कुणाला अपवाद सापडला नाही आणि १९६६ मध्ये कॉम्प्युटरनेच तो शोधला: २७, ८४, ११० आणि १३३ यांचे पाचवे घात मिळवले की १४४ चा पाचवा घात. आपल्या गोव्यात जन्मलेल्या दा. ध. कोसंबींनीसुद्धा रीमान हायपोथेसिसला, म्हणजे मूळ संख्या कशा विखुरल्यात याच्याशी जोडलेल्या न सुटलेल्या अनुमानाला, संभाव्यतेच्या वाटेने हात घातला होता, पण ते प्रूफ टिकलं नाही. एखादी गोष्ट जवळपास नेहमी खरी असते एवढ्यावर ती नेमक्या मूळ संख्यांसाठी खरी ठरत नाही. एवढा मोठा माणूस, पण गणितात वशिला चालत नाही.

राहिलं ‘चुकूच शकत नाही’. हीच ती अर्धी खरी गोष्ट. लीनसारख्या सिस्टिममध्ये शेवटचा निकाल देणारा भाग मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, त्याने पास केलेल्या पायऱ्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. चार रंगांच्या प्रमेयाचंच बघा (शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगात यावेत, तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात), १९७६ मध्ये कॉम्प्युटर वापरून ते सिद्ध केलं तेव्हा लोक नाकं मुरडत होते, २००५ मध्ये गणिती गाँतिएनी ते मशिनकडून नीट तपासून घेतलं आणि कुरकुर थांबली. पण मशिन तपासतं ते तुम्ही लिहिलेलं विधान, तुमच्या मनातलं नव्हे! लीनमध्ये एक भागिले शून्य किती, तर शून्य. नैसर्गिक संख्यांत दोन वजा तीन? तेही शून्य. गंमत नाही, भागाकार आणि वजाबाकीला प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर असावं म्हणून तशी व्याख्याच केलीय, आणि ‘छेद शून्य नाही’ ही अट ज्या त्या प्रमेयात आपण घालायची. ती विसरलात किंवा वजाबाकी भलत्या संख्यांत केलीत, तर मशिन हिरवी खूण देईल, पण ती भलत्याच विधानाला असेल. असं झालंय हे पकडायला प्रूफ म्हणजे काय ते कळणारा माणूसच लागतो, आणि तो शाळेत प्रूफ न शिकता कुठून येणार?

फॉरवर्ड करणाऱ्यांनी नॅचरल नंबर गेम नक्की खेळून बघा, ब्राउझरमध्ये फुकट चालतो, आत लीनच आहे. बेरीज उलटसुलट केली तरी उत्तर तेच, एवढंच मशिनला पटवून द्यायचं. पावसात लाइट गेली नाही तर संध्याकाळ आरामात जाते.